रक्ताची शिरगणती

कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे हें गांव लागतें. त्याच परिसरांतून पुढें नाणेघाटाची वाट वर चढते. त्या घाटांतील लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिच्या नांवाशीं निगडित असा जो ब्राह्मी लेख आहे, तो यज्ञांच्या व दानांच्या वर्णनाकरितां प्रसिद्ध आहेच. परंतु गणिताच्या इतिहासकारांस त्याचें विशेष अगत्य वाटतें तें त्यांतील अंकांमुळें. किती गाई दिल्या, किती कार्षापण वांटले, ह्याची नोंद तेथें अंकचिन्हांनीं केलेली असून, भारतांतील अतिप्राचीन अंकलेखनांत तिची गणना होते. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं ह्या डोंगरांत कोणीतरी मोजदाद केली आणि ती पुसली जाऊं नये म्हणून दगडावर खोदून ठेविली.

आज मी ज्या मोजदादीविषयीं बोलणार आहें ती दगडावरची नव्हे, रक्ताच्या थेंबांतील आहे. मनुष्याच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा थेंबांत, तांबड्या पेशी सामान्यतः चाळीस ते पंचावन्न लाख असतात, आणि पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार. ह्या पांढऱ्या पेशींमध्यें पुनः जाती आहेत. त्यांपैकीं न्यूट्रोफिल ही जात जंतूंवर प्रथम तुटून पडणारी, आणि लिम्फोसाइट ही जात शत्रूची ओळख लक्षांत ठेवणारी. लिम्फोसाइटांतही एक छोटा गट असा आहे कीं, त्यांतील पेशी आकारानें मोठ्या असून त्यांच्या अंगांत जांभळट तांबड्या रंगाचे दाणे दिसतात. निरोगी मनुष्याच्या एका घन मिलिमीटर रक्तांत अशा पेशी अदमासें अडीचशें सांपडतात. ह्या दाणेदार पेशींपैकीं एकाच पेशीची संतति बेसुमार वाढूं लागली व ती महिनेच्या महिने कायम राहिली, म्हणजे जो विकार होतो त्यास मोठ्या दाणेदार लिम्फोसाइटांचा ल्युकेमिया असें म्हणतात. रक्ताच्या कर्करोगांतील हा एक विरळा व संथ चालीचा प्रकार होय. तो ओळखण्याची विद्या कशी घडत गेली, आणि त्या घडणींत आपल्या मुंबईच्या परळ भागाचा संबंध कसा येतो, हें आज पहावयाचें आहे.

प्रथम हा रोग रुग्णाच्या शरीरांत कसा प्रकट होतो तें पाहूं. रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचा असतो. त्यास थकवा येतो, चढ चढतांना धाप लागते, चेहरा फिका पडतो. कित्येकांस वरचेवर ताप येतो, तोंडांत व्रण होतात, लहानशी जखम चिघळते. कांहींचे सांधे सुजून दुखतात. कांहींची पानथरी, जिला वैद्यकांत प्लीहा म्हणतात, ती वाढून बरगडीखालीं हातास लागते. आतां अशा लक्षणांचा एखादा वृद्ध शेतकरी मुरबाड अथवा शहापूर तालुक्यांतील दवाखान्यांत आला, तर डॉक्टरांच्या मनांत काय येईल? रक्त कमी आहे, तेव्हां आहारांत लोह कमी पडत असेल. अनवाणी भातखाचरांत वावरणारा मनुष्य, तेव्हां पोटांत आंकडेकृमि असतील. ताप व पानथरी आहे, तेव्हां हिंवताप असेल. आदिवासी वस्तीचा मुलूख, तेव्हां सिकलसेलची तपासणी करावी. सांधे दुखतात, तर वय झालें. ह्यांपैकीं एकही विचार चुकीचा नाहीं. जें पुष्कळदां घडतें त्याचा संशय प्रथम घ्यावा, हा वैद्यकाचा शहाणपणाचा नियम आहे. परंतु ह्याच नियमाच्या आडोशास विरळा रोग वर्षानुवर्षें दडून राहूं शकतो, आणि लोहाच्या गोळ्या खाऊनही फिका चेहरा फिकाच राहतो.

असें पूर्वींही घडलेलें आहे. एकोणिसाव्या शतकांत हिंवतापाची पाहणी करणारे डॉक्टर गांवोगांवच्या मुलांच्या पानथऱ्या चांचपून पाहत, आणि किती मुलांची पानथरी वाढली आहे ह्यावरून गांवांत हिंवताप किती आहे ह्याचा अंदाज बांधीत. ही रीत उपयुक्त होती. पण तिच्यामुळें वाढलेली पानथरी म्हणजे हिंवताप असें समीकरण मनांत घट्ट बसलें. बंगाल व आसाम ह्या प्रांतांत ज्या ज्वरानें गांवेंच्या गांवें ओस पडलीं, त्यासही पुष्कळ दिवस हिंवतापाचाच एक उग्र प्रकार समजत होते. १९०३ सालीं विल्यम लीशमन ह्यांनीं डमडम येथील छावणींत राहून गेलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेंतील सूक्ष्म कण प्रसिद्ध केले, त्याच वर्षीं मद्रासेस चार्ल्स डोनोव्हन ह्यांसही तेच कण आढळले, आणि काळा आजार हा हिंवतापाहून अगदीं भिन्न रोग आहे हें सिद्ध झालें. रुग्ण तेच होते, पानथरीही तीच होती; कांचपट्टीवर रंग देऊन पाहणारी दृष्टि तेवढी नवी होती. लीशमन ह्यांनीं सिद्ध केलेला रंग आजही आपल्याकडील प्रयोगशाळांतून रक्ताच्या कांचपट्टीस दिला जातो, आणि आपल्या विषयांतील दाणेदार पेशी दृष्टीस पडते ती पुष्कळदां ह्याच रंगाच्या कृपेनें.

ल्युकेमियाचा इतिहास ह्याहून साठ वर्षें मागें जातो. १८४५ सालीं एडिंबरो येथें जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिन येथें रुडॉल्फ फिर्खो ह्या दोघांनीं, एकमेकांपासून स्वतंत्रपणें, मृत रुग्णांच्या रक्तांत पांढऱ्या पेशींची विलक्षण वाढ झाल्याचें वर्णन केलें. त्या दोघांच्या रुग्णांची पानथरी मोठी होती. बेनेट ह्यांस तें रक्तांत पू झाल्यासारखें वाटलें. फिर्खो ह्यांनीं तसा निष्कर्ष काढला नाहीं. जें दिसलें त्यास त्यांनीं नुसतें पांढरें रक्त म्हटलें, आणि १८४७ सालीं त्याच अर्थाचें ग्रीक नांव दिलें. तेंच ल्युकेमिया. कारण ठाऊक नसतां कारण सुचविणारें नांव न देण्याचा हा संयम शास्त्राच्या फार उपयोगीं पडला. परंतु त्या काळीं पेशी रंगविल्याशिवाय पाहत असल्यामुळें पांढऱ्या पेशींच्या जाती नीट वेगळ्या करतां येत नव्हत्या. १८७७ नंतरच्या कांहीं वर्षांत पॉल एर्लिख ह्यांनीं कापड रंगविण्याच्या धंद्यांतील ॲनिलीन रंग रक्तावर वापरून पाहिले, तेव्हां कोणत्या पेशींत दाणे आहेत, ते कोणता रंग घेतात, ह्यावरून जाती निश्चित झाल्या. एकूण पांढऱ्या पेशी किती, ह्या प्रश्नाबरोबर कोणत्या जातीच्या किती, हा प्रश्न विचारतां येऊं लागला. खानेसुमारींत केवळ डोकीं मोजणें आणि घरोघर जाऊन कोण काय करतो हें लिहून घेणें, ह्या दोहोंत जें अंतर आहे तेंच येथें आहे.

आतां परळकडे वळूं. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें १८९९ सालीं प्लेगसंशोधनाची प्रयोगशाळा आली, आणि १९२५ सालीं तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें. त्याच संस्थेंत १९२८ सालीं ल्यूसी विल्स ह्या इंग्रज विदुषी एका शोधाकरितां आल्या. मुंबईंतील गिरणगांवांतल्या व इतर गरीब स्त्रियांस गरोदरपणांत एक तीव्र पांडुरोग होत असे. त्यांत तांबड्या पेशींची संख्या घटे, पण उरलेल्या पेशी आकारानें मोठ्या दिसत; म्हणजे लोहाच्या अभावीं होणाऱ्या पांडुरोगाच्या अगदीं उलट. विल्स ह्यांनीं हा सर्व प्रकार एका शब्दांत अशक्तपणा म्हणून सोडून दिला नाहीं. त्यांनीं ह्या स्त्रियांचा आहार पाहिला, पेशी मोजल्या, प्राण्यांवर प्रयोग केले, आणि १९३१ सालीं जाहीर केलें कीं, यीस्टच्या अर्कानें, म्हणजे मार्माइट ह्या स्वस्त व सर्वत्र मिळणाऱ्या पदार्थानें, हा पांडुरोग बरा होतो. यकृताचे जे शुद्ध केलेले अर्क दुसऱ्या एका पांडुरोगावर गुणकारी ठरले होते, त्यांचा येथें उपयोग होत नव्हता. अर्थात् यीस्टमध्यें कांहीं निराळें द्रव्य होतें. त्यास प्रथम विल्स फॅक्टर म्हणत. पुढें १९४१ सालीं पालकाच्या पानांतून तें वेगळें काढण्यांत आलें, आणि पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचें फॉलिक ॲसिड असें नांव पडलें.

ह्या शोधाचा ल्युकेमियाशीं संबंध काय, असें कोणीही विचारील. तो संबंध एका भारतीय शास्त्रज्ञानें जोडला. आंध्रांत जन्मलेले व मद्रासेस वैद्यक शिकलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेंतील लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखालीं १९४५ च्या सुमारास फॉलिक ॲसिड कृत्रिम रीतीनें तयार झालें, आणि मागोमाग त्याच्यासारखीं दिसणारीं पण त्याचें काम बंद पाडणारीं द्रव्येंही बनविण्यांत आलीं. वाढणाऱ्या पेशीस फॉलिक ॲसिड लागतें. तेव्हां तें तिला मिळूं दिलें नाहीं तर ल्युकेमियाची पेशीही उपाशी मरेल, हा त्यामागील तर्क. बोस्टन येथील सिडनी फार्बर ह्यांनीं तो तर्क मुलांवर अजमावला, आणि सोळा मुलांपैकीं दहा मुलांचा रोग कांहीं काळ मागें हटल्याचें १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. तोंपर्यंत ल्युकेमियावर असें कधीं घडलें नव्हतें. त्याच द्रव्याच्या कुळांतील मेथोट्रेक्झेट हें औषध पुढें संधिवातावर आलें, आणि १९९४ सालीं आपल्या आजच्या विषयांतील दाणेदार पेशींच्या ल्युकेमियावरही अल्प मात्रेंत उपयोगी असल्याचें दाखविण्यांत आलें. गिरणगांवांतील गर्भवतींच्या थाळींत जें द्रव्य नव्हतें त्याचा शोध घेतां घेतां एका निराळ्याच रोगाचें औषध हातीं लागलें, असें हें विलक्षण कुळकथानक आहे.

ह्याच काळांत ल्युकेमियाचें नांव मुंबईंतील एका घराण्याच्या दुःखाशींही जोडलें गेलें. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं ल्युकेमियानें वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ १९३२ सालीं लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन झाला, आणि जगांतील निरनिराळ्या देशांत ल्युकेमियावर संशोधन करणाऱ्यांस त्यांतून साहाय्य मिळूं लागलें. पुढें दोराबजींच्या ट्रस्टनें परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय बांधलें. तें १९४१ च्या फेब्रुवारींत उघडलें. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्याकडे आली. १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालें तेव्हां त्याचे पहिले संचालकही तेच झाले. पुण्यांत जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे ह्यांनीं त्या केंद्रांत ऊतकसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढविण्याची, प्रयोगशाळा उभारली. भारतांतील अशा संशोधनाचा आरंभ म्हणून तिचा उल्लेख होतो.

त्याच परळमध्यें, टाटा रुग्णालयाच्या शेजारीं असलेल्या के. ई. एम. रुग्णालयाच्या परिसरांत, १९५२ सालीं आणखी एक गोष्ट घडली. डॉ. य. म. भेंडे व त्यांचे सहकारी ह्यांस कांहीं माणसांचें रक्त असें आढळलें कीं, तें ए, बी अथवा ओ ह्यांपैकीं कोणत्याही गटाच्या रक्ताशीं जुळेना. सर्व मनुष्यमात्रांत असावें असें मानलेलें एक मूळ द्रव्यच त्या रक्तांत नव्हतें. चांचणी बिघडली असेल असें म्हणून तो नमुना फेकून देणें सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं, आणि त्यांच्या शोधानें मुंबई रक्तगट हें नांव जगाच्या वैद्यकग्रंथांत गेलें. १९५७ सालीं तेथें रक्तगटांचें जें केंद्र निघालें तेंच आजच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेचें मूळ होय. जें नेहमींच्या खणांत बसत नाहीं तें टाकून न देतां पुनः पाहणें, ही संवय विरळ्या रोगाच्या निदानाचा पाया आहे.

आतां प्रत्यक्ष दाणेदार पेशीकडे येऊं. १९६० पर्यंत सर्व लिम्फोसाइट एकाच जातीचे समजले जात. १९६१ सालीं जॅक मिलर ह्यांनीं दाखविलें कीं, छातींतील थायमस नांवाची जी ग्रंथि निरुपयोगी मानली जाई, ती नवजात उंदरांतून काढून टाकली तर त्यांची रोगप्रतिकाराची शक्ति ढांसळते. १९६५ सालीं मॅक्स कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कोंबड्यांवरील प्रयोगांतून प्रतिकाराच्या दोन स्वतंत्र शाखा दाखविल्या. थायमसमध्यें तयार होणाऱ्या त्या टी-पेशी, आणि दुसऱ्या त्या बी-पेशी. सूक्ष्मदर्शकाखालीं ह्या दोन्हीं सारख्याच दिसतात. त्या वेगळ्या करण्याचें साधन १९७५ सालीं कोहलर व मिलस्टाइन ह्यांच्या एकजिनसी प्रतिपिंडांनीं दिलें: पेशीच्या पृष्ठभागावरील एकेक खूण ओळखून तिलाच चिकटणारे हे जणूं बिल्ले. त्यांना चमकणारा रंग जोडावयाचा, पेशी एकामागून एक प्रकाशाच्या झोतांतून सोडावयाच्या, आणि कोणत्या पेशीवर कोणते बिल्ले चमकतात तें यंत्रानें टिपावयाचें. ह्या पद्धतीस फ्लो सायटोमेट्री म्हणतात.

ह्या साधनांच्या उदयाबरोबर एकेका जुन्या नांवाखालीं दडलेले अनेक रोग वेगळे होऊं लागले. १९७३ सालीं लंडनमध्यें डॅनिएल कॅटॉव्हस्की व डेव्हिड गॅल्टन ह्यांनीं टी-पेशींचा एक उग्र ल्युकेमिया वर्णिला. १९७७ सालीं जपानमध्यें टी-पेशींचाच दुसरा एक ल्युकेमिया नोंदला गेला, जो पुढें एका विषाणूमुळें होतो असें ठरलें. त्याच १९७७ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा येथून दाणेदार लिम्फोसाइट वाढलेल्या मोजक्या रुग्णांचें वर्णन प्रसिद्ध झालें. ह्यांचा रोग मात्र फार संथ होता. न्यूट्रोफिल कमी, पानथरी मोठी, आणि तरीही वर्षें लोटत. हा खरोखर कर्करोग आहे कीं शरीराची एखादी लांबलेली प्रतिक्रिया, ह्याविषयीं मतभेद होता. १९२४ सालींच ऑगस्टस फेल्टी ह्यांनीं संधिवात, वाढलेली पानथरी व घटलेल्या पांढऱ्या पेशी ह्यांचें त्रिकूट नोंदविलें होतें. मग हे रुग्ण त्यांपैकींच तर नव्हेत?

ह्या वादाचा उलगडा करण्यास एक कसोटी हवी होती. ती समजण्यास आपल्या भातशेतीचाच दृष्टान्त पुरे. एखाद्या खाचरांत रोपें अचानक दाट झालीं, तर दोन कारणें संभवतात. पाऊस चांगला झाला म्हणून नाना जातींचीं रोपें एकदम फोफावलीं असतील, अथवा एकाच लोंबीचें बीं सर्वत्र पसरलें असेल. साध्या संसर्गानंतर दाणेदार पेशी वाढतात तेव्हां पहिला प्रकार असतो: अनेक कुळांच्या पेशी वाढतात व कांहीं आठवड्यांत ओसरतात. ल्युकेमियांत एकाच पेशीचें कूळ वाढतें. १९८४ सालीं टी-पेशीच्या ग्राहकाचीं जनुकें सांपडलीं. प्रत्येक टी-पेशींत त्यांची जुळणी निराळी असते, म्हणून ती जुळणी वाचली कीं पेशींचें कूळ कळतें. १९८५ सालीं थॉमस लॉफ्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा रुग्णांच्या पेशींत एकाच कुळाच्या खुणा दाखविल्या, आणि दाणेदार लिम्फोसाइटांचा ल्युकेमिया हें नांव रूढ झालें. २०१२ सालीं हेलसिंकीच्या संशोधकांनीं आणखी एक धागा सोडविला: सुमारें चाळीस टक्के रुग्णांत स्टॅट-३ ह्या जनुकांत बिघाड आढळला, ज्यामुळें पेशीस मरण्याची सूचना मिळूनही ती मरत नाहीं.

आजचें निदान ह्या सर्व शोधांच्या पायऱ्यांनीं होतें. पहिली पायरी कांचपट्टीची. येथें एक फसगत संभवते, ती सांगितलीच पाहिजे. ल्युकेमिया म्हणजे पांढऱ्या पेशींची रेलचेल, अशी आपली समजूत असते. ह्या रोगांत मात्र पांढऱ्या पेशींची एकूण संख्या नेहमींइतकी, किंवा त्याहून कमीही असूं शकते. कारण एकीकडे दाणेदार पेशी वाढतात व दुसरीकडे न्यूट्रोफिल घटतात. बेरीज बरोबर येते, पण हिशेब चुकलेला असतो. आजचीं यंत्रें क्षणांत लिम्फोसाइट किती तें सांगतात. ते दाणेदार आहेत कीं नाहींत हें पाहण्यास अजूनही कांचपट्टीवर जाणता डोळा लागतो. दुसरी पायरी बिल्ल्यांची: पेशी परिपक्व टी-पेशी आहेत, आणि त्यांच्यावर अमुक अमुक खुणा आहेत, हें पाहणें. तिसरी पायरी कुळाची. चौथी पायरी मज्जेच्या तपासणीची, जी प्रत्येकास लागतेच असें नाहीं. आणि पांचवी पायरी काळाची. पूर्वीं असा दंडक होता कीं, घन मिलिमीटरांत दोन हजारांवर दाणेदार पेशी सहा महिन्यांहून अधिक काळ टिकल्या पाहिजेत. आतां संख्येचा आग्रह शिथिल झाला असून, एकाच कुळाची खूण व रोगाची लक्षणें असतील तर पांचशेंही पुरतात. परंतु विषाणूच्या संसर्गानंतरची तात्पुरती वाढ वगळावयाची तर कांहीं महिन्यांनीं पुनः मोजणें अजूनही अवश्य आहे.

ही पांचवी पायरी दिसावयास सर्वांत सोपी, कारण तिला ना यंत्र लागतें ना औषध. मुरबाड-शहापुराच्या डोंगराळ भागांत मात्र तीच सर्वांत कठीण ठरते. भाताची कापणी झाली कीं कातकरी व इतर कष्टकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर कामास जातात आणि पावसाच्या तोंडाशीं परत येतात. आश्विनांत ज्याचें रक्त तपासलें तो माघांत कोणत्या भट्टीवर असेल हें दवाखान्यास ठाऊक नसतें. परळची वाट धरावयाची तर प्रथम एस्. टी. नें कल्याण, मग लोकल, मग रांग. आणि दिवसाची मजुरी बुडते ती निराळी. पहिला अहवाल कोठें तरी छपराच्या आढ्याशीं खोंचलेला असतो, दुसऱ्या ठिकाणचा डॉक्टर पुनः आरंभापासून मोजूं लागतो, आणि दोन आंकड्यांची तुलना कधींच होत नाहीं. रोग विरळा असतो हें खरें; परंतु कित्येक ठिकाणीं तो विरळा दिसतो ह्याचें कारण त्याची दुसरी मोजणी झालेली नसते, हेंही तितकेंच खरें.

मग निदान न झाल्यानें बिघडतें काय? रोग संथ आहे, पुष्कळ रुग्ण दहा वर्षांहून अधिक जगतात, आणि कित्येकांस तर नुसती देखरेख पुरते. पण न्यूट्रोफिल फार घटले तर साध्या जंतूनेंही प्राण जाऊं शकतो, आणि तो ताप हिंवतापाचा म्हणून अंगावर काढला जातो. रक्त अतिशय कमी झालें तर वारंवार रक्त भरावें लागतें, आणि लोहाच्या गोळ्या मात्र चालूच राहतात. ज्यास लोहाची उणीव नाहीं त्याच्या शरीरांत लोह सांठणें हेंही अहितकारक. ह्याच्या उलट बाजूचा धोकाही कमी नाहीं. ल्युकेमिया हा शब्द कानीं पडतांच घरचीं माणसें हाय खातात, शेत गहाण टाकावयास निघतात, आणि उग्र उपचारांचा आग्रह धरतात. वस्तुतः येथें बहुधा मेथोट्रेक्झेट, सायक्लोफॉस्फमाइड किंवा सायक्लोस्पोरिन ह्यांपैकीं एखादें औषध अल्प मात्रेंत देऊन चार महिने वाट पाहावयाची असते. आणि तेंही लक्षणें असतील तरच. टी-पेशींच्या उग्र ल्युकेमियास जी घाई लागते ती ह्यास लागत नाहीं. म्हणून नुसतें ल्युकेमिया एवढें सांगणें पुरत नाहीं. कोणता, हें सांगितलें पाहिजे. अर्धें निदान कित्येकदां निदान नसण्याहून अधिक महाग पडतें.

ह्यावर फार मोठे उपाय सुचविण्याचा माझा अधिकार नाहीं; पण इतिहासानें जें दाखविलें तें सांगतां येईल. लोहाच्या उपचारानें दोन-तीन महिन्यांत रक्त सुधारलें नाहीं, तर गोळ्या बदलण्यापूर्वीं कांचपट्टी पाहावी. तापाबरोबर न्यूट्रोफिल कमी आहेत असें दिसलें, तर तो आंकडा पुनः घ्यावा. जुन्या संधिवाताच्या रुग्णाची पानथरी हातास लागली, तर वयाच्या माथीं दोष मारूं नये. कांचपट्टी करणें हें तालुक्याच्या प्रयोगशाळेंतही सहज होणारें काम आहे. तिचें वाचन मात्र जेथें जाणता डोळा असेल तेथें व्हावें, आणि आज सूक्ष्मदर्शकाखालचें चित्र तारेवांचून परळपर्यंत पाठवितां येतें. आणि आपल्यासारख्या सुशिक्षित घरांतील मंडळींस एक साधें काम सांगावेंसें वाटतें. आपल्या घरीं कामास येणारी बाई असो, इमारतीचा पहारेकरी असो, गांवाकडील वाटेकरी असो, त्यांच्या रक्ताचा अहवाल हातीं आला तर त्यावरील तारीख पाहावी, तो एका पिशवींत नीट ठेवण्यास सांगावें, आणि मागच्या आंकड्याशेजारीं पुढचा आंकडा लिहून द्यावा. एवढ्यानें कोणी बरें होत नाहीं. परंतु दुसऱ्या डॉक्टरापुढें तो कागद गेला, म्हणजे सहा महिन्यांची जी पायरी एरवीं निसटते, ती त्याच्या हातीं आयती येते, आणि तपासणीस आरंभापासून नव्हे तर मध्यापासून सुरुवात होते.